'नेट स्लो आहे' म्हणण्याआधी : आभासी संगणकातलं नेटवर्क कसं मोजायचं?



विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळांतले बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग करायचं काय? एक चांगला रस्ता म्हणजे लिनक्स. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली मोफत मिळते, आणि शाळांसाठी तिची 'एड्यूबॉस' ही आवृत्तीही आहे. पण चालू संगणक एकदम पुसून टाकायची कोणाची छाती होत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आपल्यातले उत्साही शिक्षक व्हर्च्युअलबॉक्स टाकतात, त्यात आभासी संगणक बनवतात आणि त्याच्यात लिनक्स चालवून बघतात.

इथेच घोळ होतो. आभासी संगणकात व्हिडिओ अडकतो, पान उघडायला वेळ लागतो, आणि 'लिनक्समध्ये नेट नीट चालत नाही' असा शेरा मारून विषय संपतो. ज्याचा गुन्हाच नाही त्याला शिक्षा! बऱ्याचदा दोष लिनक्सचा नसतो, मधल्या नेटवर्क ड्रायव्हरचा असतो. पण हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी आत काय चालतं ते बघू. आभासी संगणकाला खरं नेटवर्क कार्ड नसतंच. व्हर्च्युअलबॉक्स एक सोंग घेतं, की मी इंटेलचं प्रो-१००० कार्ड आहे. आतला लिनक्स ते खरं मानतो आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर लावतो. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम. आता हा ड्रायव्हर कार्डाला काही सांगायला गेला की आतला संगणक क्षणभर थांबतो, बाहेरचा संगणक ते काम करतो आणि परत आत सोडतो. असं सेकंदाला हजारो वेळा होऊ शकतं.

मुलांना मी हे काळी-पिवळीवरून सांगते. समजा, जिंतूरहून परभणीला जाणारी जीप एकेका प्रवाशाला घेऊन निघाली आणि दर फेरीला नाक्यावर थांबून ड्रायव्हरने वहीत नोंद केली, तर दिवसभरात किती माणसं पोचतील? याउलट जीप भरली की एकच फेरी, एकच नोंद. नेटवर्कमधली ही दुसरी पद्धत म्हणजे 'व्हर्टआयओ'. इथे कार्डाचं सोंगच नाही. आतल्याला माहीत असतं की आपण आभासी आहोत. आत-बाहेर दोघांना दिसेल अशा सामाईक जागेत तो बरीच पाकिटं मांडून ठेवतो आणि एकदाच इशारा करतो. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने हे काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ते आलं. म्हणजे आजच्या कुठल्याही लिनक्समध्ये हा ड्रायव्हर आधीपासून असतो.

(जीप भरेपर्यंत पहिला प्रवासी ताटकळतो, हे मुलं लगेच ओळखतात! नेटवर्कमध्येही तसंच होतं. एकूण माल जास्त जातो, पण एखाद्या पाकिटाला थोडं थांबावं लागू शकतं. म्हणून वेग आणि विलंब या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या.)

आता मोजणी. आभासी संगणकात कार्डाच्या माहितीत '१००० मेगाबिट' असं लिहिलेलं दिसेल. त्यावर अजिबात जाऊ नका. ती सोंगावरची पाटी आहे, खरा वेग त्याहून कमीही असू शकतो आणि जास्तही.

खरा आकडा मोजणीदारात असतो. लिनक्स प्रत्येक कार्डावर किती बाइट आले, किती गेले, किती पाकिटं गळाली याची नोंद ठेवतो. हे घरच्या वीज मीटरसारखं आहे. नुसत्या रीडिंगवरून काही कळत नाही, दोन रीडिंगची वजाबाकी करावी लागते. समजा, मोठी फाइल उतरवताना पहिलं रीडिंग ४२ कोटी बाइट आलं आणि बरोबर ६० सेकंदांनी ५७ कोटी. फरक १५ कोटी बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून १२० कोटी बिट. भागिले ६०, म्हणजे सेकंदाला २ कोटी बिट, अर्थात २० मेगाबिट. पाचवीच्या मुलांना हे गणित येतं, आणि पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा जास्त आवडतं. त्याच ठिकाणी 'गळालेली पाकिटं' हा आकडा बघा. तो वाढत असेल तर मांडायची जागा भरून जातेय, उचलणारा मागे पडतोय.

विलंबासाठी पिंग. आभासी संगणकाचं नेटवर्क 'ब्रिज्ड' करून शाळेच्याच राउटरला पिंग करा, आधी बाहेरच्या संगणकावरून, मग आतून. इंटरनेट मध्ये आणूच नका, नाहीतर गावातल्या लाइनचा दोष ड्रायव्हरच्या माथी येतो. आता समजा, आतून पाच वेळा पिंग केल्यावर १, १, २, १ आणि ४५ मिलिसेकंद आले. बेरीज ५०, सरासरी १०. पण १० मिलिसेकंद तर एकदाही लागले नाहीत! सरासरी शिकवताना मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. म्हणून पाचही आकडे लिहून ठेवा. तो ४५ चा झटकाच शोधायचा आहे.

तिसरं मोजमाप बहुतेकजण विसरतात, ते म्हणजे बाहेरच्या संगणकाचा प्रोसेसर. आत फाइल उतरत असताना बाहेर टास्क मॅनेजर उघडा. वेग बेताचा आणि प्रोसेसर मात्र पूर्ण दमलेला, असं दिसलं तर समजायचं की ताकद नाक्यावरच्या नोंदींत चालली आहे. वेग बेताचा आणि प्रोसेसरही निवांत, तर मग लाइनकडे किंवा राउटरकडे बघा. दोन कोअरच्या जुन्या संगणकावर हा फरक ठळक दिसतो. नव्या संगणकावर कदाचित जाणवणारही नाही.

केबल, राउटर यांची भानगडच नको असेल तर 'आयपर्फ-३' नावाचा मोफत प्रोग्राम आत आणि बाहेर दोन्हीकडे चालवा. तो फक्त या दोघांमधला वेग सांगतो.

हे सगळं आधी इंटेलच्या सोंगावर मोजा, मग कार्डाचा प्रकार 'पॅराव्हर्च्युअलाइज्ड नेटवर्क' म्हणजेच व्हर्टआयओ करा आणि तेच परत मोजा. दोन्हीमध्ये फाइल तीच, वेळ शक्यतो तीच, मेमरी तेवढीच. विज्ञानाच्या तासाला आपण सांगतो ना, एका वेळी एकच घटक बदलायचा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला हे सांगता येणार नाही. प्रत्येक मोजणी किमान तीनदा घ्या.

आपल्याला हा शाळेतला खेळ वाटेल, पण पुण्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं डेटा सेंटर आहे. अशा डेटा सेंटरमध्ये एकेका सर्व्हरवर कितीतरी आभासी संगणक चालतात. तिथले तंत्रज्ञही हेच बघतात : किती बाइट, किती गळाले, किती विलंब, प्रोसेसर किती दमला. फक्त त्यांचे आकडे चोवीस तास आपोआप नोंदले जातात आणि त्यांचा आलेख होतो. आपण वहीत रकाने आखायचे.

करताना एवढं सांभाळा. कार्डाचा प्रकार बदलण्याआधी आभासी संगणक रीतसर बंद करा. तो चालू असेल किंवा स्थिती जतन करून ठेवलेला असेल तर तो पर्याय निवडताच येत नाही. आणि आत लिनक्सऐवजी विंडोज असेल तर व्हर्टआयओचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, तोही कार्ड बदलायच्या आधी उतरवून घ्या. नाहीतर नेटच बंद पडेल, मग ड्रायव्हर आणणार कुठून?