पात्र कोणी घडविले, प्रतीक कोणाच्या कामाचे?
(बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याकडून घ्यावयाचा एक धडा)



मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. 'अमक्या पात्राचे स्वभावचित्र रेखाटा' किंवा 'तमक्या प्रतीकाचा अर्थ स्पष्ट करा'. गाइडमधले उत्तर पाठ करून लिहिले की गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो. आम्ही स्वतः मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो ते याच मार्गाने. पुढे बँकेत कारकून म्हणून लागलो आणि वाङ्मय मागे पडले. ते पुन्हा हाती आले ते विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गामुळे आणि तेही आमच्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी वर्गात सावित्रीच्या स्वभावचित्राचा प्रश्न निघाला. आम्ही फळ्यावर मुद्दे लिहून दिले : पतिनिष्ठा, चातुर्य, धैर्य. तेव्हा बारावीतील एका मुलीने हात वर केला. "काका, सत्यवानाच्या जागी सावित्रीच मेली असती, तर तो गेला असता का यमाच्या मागे?" मुले हसली. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "हा प्रश्न पेपरात येत नाही, खाली बैस." ती बसली. पुढेही वर्गाला येत राहिली, पण पुन्हा तिने प्रश्न विचारला नाही.

पुढल्या वर्षी ग्रंथालयातून 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक आणले आणि वाचता वाचता आम्ही थबकलो. पत्नीला परत आणण्यासाठी यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे काय, असा सवाल त्यात सरळ केलेला होता. पुस्तक १८८२ सालचे, आणि लेखिका आपल्या बुलढाण्याच्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच गावच्या बाईने छापून विचारलेला प्रश्न आमच्या वर्गातील मुलीने आपल्या बुद्धीने पुन्हा विचारला होता. तो ओळखण्याइतकेही वाचन आमच्यापाशी नव्हते.

ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. म्हणजे ताराबाई एका कारकुनाच्याच घरातल्या. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली. पण दरम्यान वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. त्या संतापातून ताराबाईंनी हे छोटेखानी पुस्तक लिहिले व ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघाले. टीका झाली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे मात्र पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

या पुस्तकाला आपण स्त्रीमुक्तीचे पुस्तक म्हणतो, ते बरोबरच आहे. पण आमच्या मते वाङ्मय कसे वाचावे याचाही तो एक पाठ आहे. पुराणांतील द्रौपदी, सावित्री यांच्यापासून ते त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतील नायिकांपर्यंत ताराबाई सर्वांची झाडाझडती घेतात. पात्राला त्या देवही मानत नाहीत आणि खरे माणूसही मानत नाहीत. पात्र ही कोणीतरी घडविलेली वस्तू आहे, हे त्या विसरत नाहीत. त्यांच्या वाचनातून आम्ही अभ्यासवर्गासाठी तीन प्रश्न काढले आहेत. शब्द आमचे आहेत, दृष्टी त्यांची.

पहिला प्रश्न : पात्रांची जागा बदलली तर काय होईल?

सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वातील. जागा बदलून पाहिली की कळते, कथेत जो गुण म्हणून सांगितला आहे तो एकाच बाजूला लागू आहे. खरा सद्गुण दोन्ही बाजूंना लागू पडतो. जो एकाच बाजूला लागू पडतो तो नियम असतो, आणि नियम करणारा कोणीतरी असतो. सावित्रीचे धैर्य व तिची बुद्धी यांबद्दल आदर ठेवूनही हे म्हणता येते. उलट साक्षात यमाला वादात निरुत्तर करणारी ही स्त्री केवळ 'पतिव्रता' या एका शब्दात कोंबली गेली, हेही याच प्रश्नामुळे ध्यानात येते.

दुसरा प्रश्न : हे प्रतीक कथेत कोणाचे काम करते?

कालिदासाचे 'शाकुंतल' घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ते संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणले, म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकाआधी अवघी दोन वर्षे. त्यातील अंगठी हे प्रेमाचे व स्मृतीचे प्रतीक, असे आपण पेपरात लिहितो. पण महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथेत अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तेथे राजाला सारे आठवत असते, तरी भरदरबारात तो शकुंतलेला ओळख देत नाही, आणि शकुंतला त्याला तोंडावर खडे बोल सुनावते. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली व राजाचा दोष शापाच्या माथी गेला. राजा खोटा न ठरता केवळ विसराळू ठरला. अंगठी प्रेमाची खूण तर आहेच, पण राजाची अब्रू राखण्याचे कामही तीच करते. याने कालिदासाचे काव्य उणे होत नाही. आपले वाचन मात्र पुरे होते.

याच नाटकात सहाव्या अंकाच्या आरंभी एक कोळी येतो. माशाच्या पोटात त्याला ती अंगठी सापडलेली असते. शिपाई त्याला चोर म्हणून बांधून आणतात, मारतात, त्याच्या धंद्याची थट्टा करतात. राजा संस्कृत बोलतो, हा प्राकृत बोलतो. निर्दोष ठरल्यावर राजाकडून बक्षीस मिळते आणि त्यातले अर्धे तो शिपायांना देऊ करतो! प्रवेश विनोदी म्हणून शिकविला जातो. आपल्या वाडवडिलांनी चावडीवर काय सोसले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो वाचताना हसू येईलच असे नाही. राजाची स्मृती परत येते ती या माणसामुळे. तरी गाइडमध्ये त्याचे स्वभावचित्र आम्हाला कधी दिसले नाही.

तिसरा प्रश्न : नाटकात बोलण्याचा अधिकार कोणाला आहे?

जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यात एक भिक्षुक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून त्या जोडप्याला कर्जात लोटतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खादाड ब्राह्मण मित्र असतो. जोतीरावांचा विदूषक प्रेक्षकांना जोशाची लबाडी उलगडून सांगतो. म्हणजे त्यांनी जुन्या पात्राचे नाव ठेवले आणि त्याचे काम पालटले. शेवटी ते नवराबायको शिकायला जाण्याचे ठरवितात. नावातील तिसरे रत्न म्हणजे शिक्षणाचा तिसरा डोळा, असा अर्थ अभ्यासक लावतात. प्रतीक दीनांच्या कामाचे कसे करावे, याचा हा उत्तम नमुना होय.

हेच तीन प्रश्न घेऊन आपण आपल्या घरच्या ग्रंथाकडे वळू. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' या महाकाव्यात राजपुत्राला वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतात व तो रात्री घर सोडतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (१९५७) या प्रसंगाची चिकित्सा केली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी मांडले. त्याऐवजी शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण त्यांनी पुढे ठेवले. आणि तेथे यशोधरा झोपलेली नाही. सिद्धार्थ तिला सांगून जातो. ती विचार करून संमती देते. ज्या पात्राला मुकी ठेवले होते तिला बाबासाहेबांनी बोलते केले. परंपरा कितीही पूज्य असो, ती प्रश्न विचारून वाचावी, हा त्यांचा आदेशच समजा.

आता थोडे स्वतःकडे. दुसऱ्यांच्या ग्रंथांची चिकित्सा करताना आम्हाला जोर येतो. मग जयंतीच्या कार्यक्रमात आपण म्हणतो त्या गाण्यांनाही हे प्रश्न विचारावेत की नाही? बहुतेक गाण्यांतील रमाई फक्त सोसते. तिचा त्याग खरा आहे, आणि त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ते गाणे संपल्यावर आपण घरी जाऊन 'रमाईसारखी हो' असे बायकोला सांगतो, तेव्हा त्या प्रतीकाकडून आपण कोणाचे काम करून घेत असतो? जागा बदलून पाहण्याचा पहिला प्रश्न येथे पुरुष सभासदांनी स्वतःला विचारावा. आम्ही विचारला आणि उत्तर सुखाचे आले नाही.

त्या मुलीविषयी सांगायचे राहिले. पुस्तक वाचल्यावर आम्ही ताराबाईंचे ते पान वर्गात मोठ्याने वाचून दाखविले आणि फळ्यावरचे जुने मुद्दे चुकीचे नसले तरी अपुरे होते, हे कबूल केले. मात्र तोवर तिचे लग्न होऊन ती सासरी गेली होती. पुढचे शिक्षण थांबले. तिच्या प्रश्नाचे श्रेय तिला तिच्या तोंडावर देता आले नाही, ही खंत राहिली आहे. तेव्हापासून वर्गात एक नियम केला आहे : मुद्दे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांचे प्रश्न लिहावयाचे, आणि कोणाच्याही प्रश्नावर हसावयाचे नाही.

विद्यार्थ्यांनी परीक्षेत गुण जरूर मिळवावेत. पण उत्तरपत्रिका दिल्यावर एकदा स्वतःला विचारावे : हे पात्र कोणी घडविले, कशासाठी, आणि आपण त्याच्या जागी असतो तर काय बोललो असतो? बुलढाण्यासारख्या आडगावी बसून ताराबाईंना हे विचारता आले. आज आपल्या हाती पुस्तके आहेत, ग्रंथालय आहे, विहारात वर्गही आहे. आता प्रश्न तेवढा विचारावयाचा आहे.