प्रतिकृतीच्या वजनाचा जमाखर्च

बाल्सा लाकडाच्या पुलाने किंवा मनोऱ्याने स्वतःच्या वजनाच्या किती पट भार पेलला, यावर ज्या विद्यार्थी-स्पर्धांत क्रम ठरतो, तेथे परीक्षक म्हणून काट्यापाशी बसताना मला वारंवार दिसले ते हे की, बलांचे गणित चोख करणारी मुलेही वजनाचा आकडा मात्र पुस्तकातील घनतेवर विसंबून काढतात. हे लाकूड तितक्या भरवशाचे नव्हे. ६ मिलिमीटर चौरस व ९०० मिलिमीटर लांब काठी दर घनमीटरला १६० किलोग्रॅम या प्रचलित हिशेबाने सुमारे ५ ग्रॅम भरावी; परंतु त्याच मापाची एक काठी सव्वातीन ग्रॅम तर दुसरी सात ग्रॅम भरलेली मी पाहिली आहे. म्हणून प्रत्येक काठी तोलून तिच्या टोकाशी पेन्सिलीने वजन लिहावे, आणि जड काठ्या, ज्या बहुधा ताठही असतात, त्या खांबांसाठी राखून हलक्या काठ्या दुय्यम बंधांना द्याव्यात.

गोंदाची बाब याहून फसवी. पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणीच असल्यामुळे ओल्या सांध्याचे वजन ग्राह्य धरता येत नाही, आणि वाळलेल्या एकट्या सांध्यातील गोंदाची साधा काटा दखलही घेत नाही. तेव्हा एकसारखे दहा सांधे करून, पुरते वाळवून, एकत्र तोलावेत व त्यांतून लाकडाचे वजन वजा करावे. कोंकणपट्टीत पावसाळी दमटपणाही जमेस धरावा लागतो, कारण कोरड्या खोलीतील १०० ग्रॅम लाकूड त्या हवेत सहा-सात ग्रॅमांनी सहज वाढते.

एका चमूचा सुरेख मनोरा ऐन वेळी मर्यादेपेक्षा जड भरला, आणि मुलांनी घाईने त्याचे खांब घासले. चौरस खांबाची बाजू दशांशाने घटवली की वजन १९ टक्के उतरते, पण वाकण्यापूर्वी भार सोसण्याची त्याची शक्ती, ऑयलरच्या सूत्राप्रमाणे, ३४ टक्क्यांनी जाते. मधला आडवा बंध काढून खांबाची निराधार लांबी दुप्पट केली, तर ती शक्ती चतुर्थांशच उरते. त्या मुलांनी दोन्ही केले होते. भार चढू लागताच एक खांब धनुष्यासारखा वाकला, आणि कित्येक रात्रींचे त्यांचे श्रम क्षणात मोडून पडलेले पाहणे मला फार जड गेले.

यास्तव मर्यादेच्या आत थोडी शिल्लक आरंभीच राखून ठेवावी, आणि प्रत्येक मजला वाळल्यावर तोलून अदमासाशी त्याची रुजुवात घालावी. पहिल्याच मजल्यावर दोन ग्रॅम फाजील निघाले, तर वरच्या मजल्यांसाठी हलक्या काठ्या निवडण्यास तेव्हा अवकाश असतो.