हेल्मेट, हातमोजे आणि एक क्रियापद

चि. सानिका,

चाकणच्या कारखान्याची सुरक्षा-पत्रकं तुझ्याकडे जपानीत करायला आली, हे वाचून बरं वाटलं. पहिल्याच वाक्याला गाडी अडली म्हणतेस: ‘हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि सेफ्टी शूज वेअर करा.’ अडायलाच हवी होती. इंग्रजीचं ते एकच क्रियापद डोक्यापासून पायापर्यंत सगळं उरकतं. जपानीत अंगात घालायचं ते ‘किरु’. पँट, मोजे, बूट, म्हणजे कमरेखालचं सगळं ‘हाकु’. डोक्यावरचं ‘काबुरु’, चष्मा ‘काकेरु’, हातमोजे नि अंगठी ‘हामेरु’. मफलर गुंडाळायचा म्हणून ‘माकु’, टाय आवळायचा म्हणून ‘शिमेरु’.

याचा तक्ता करून घोकत बसू नकोस. तू मराठीत साडी घालतेस का? नेसतेस. चष्मा लावतेस, शाल पांघरतेस, फेटा बांधतात. हात काय करतो ते बघून आपण क्रियापद निवडतो, जपानी माणूसही तेच करतो. दुसऱ्याच्या अंगावर चढवायचं झालं की ‘किरु’चं ‘किसेरु’ होतं, आपल्या नेसण्याचं नेसवणं होतं तसं.

खरी गोम पुढे आहे. क्लासमध्ये क्रियापदाला जोडायचं ‘ते इरु’ म्हणजे इंग्रजीतलं ‘आयएनजी’ असं सांगून मोकळे होतात. मग मुलं ‘किते इरु’चा अर्थ ‘घालत आहे’ असा लावतात. बहुतेक वेळा तो तसा नसतो. शर्ट अंगात चढून झालाय आणि अजून अंगात आहे, ही ती अवस्था. आपण रोज म्हणतोच की, ‘तिनं निळी साडी नेसली आहे.’ नेसणं कधीच आटोपलंय, साडी अंगावर आहे. हे व्याकरण तुझ्या जिभेवर लहानपणापासून आहे, ते इंग्रजीच्या वळशानं कशाला नेतेस?

आता तुझं वाक्य. चार वस्तूंना चार क्रियापदं लावलीस तर चूक नाही, पण भिंतीवरच्या फलकाला ते लांबण लागेल. तिथे ‘चाकुयो’ वापर. हा चिनी वळणाचा, कागदोपत्री शब्द आहे. हेल्मेट, मास्क, सीटबेल्ट, सगळ्यांना चालतो. आपल्या ‘परिधान करणे’चा सख्खा भाऊच. पण शॉपफ्लोअरवर एखाद्याला हेल्मेट घाल म्हणून सांगायचं असेल, तर ‘काबुरु’च. तिथे ‘चाकुयो’ म्हणालीस तर फलक वाचून दाखवतेयस असं वाटेल. काढतानाही लक्ष ठेव: शर्ट, बूट, टोपी ‘नुगु’, चष्मा नि अंगठी ‘हाझुसु’.

आणि देखभालीच्या पानांवर बेअरिंगचं ‘वेअर’ आलं तर फसू नकोस. ती झीज, तिला ‘मामो’. शब्द तोच दिसला म्हणून घाईत ‘चाकुयो’ ठोकून देणारे मी पाहिलेत.

जाता जाता, ‘काबुरु’ची एक गंमत. जपानीत मांजरही डोक्यावर घेता येतं! ‘नेको ओ काबुरु’, म्हणजे वरून गरीब भासणं. आपली गोगलगाय नि पोटात पाय.

फलकांचा मजकूर आणि तोंडी द्यायच्या सूचना वेगवेगळ्या फाइलींत कर, मग मसुदा मला पाठव. दर अजून ठरला नसेल तर पुढचं पान हातात घेण्याआधी लेखी घे.

तुझी,
मावशी