पाहिले किती आणि वाटले किती?



आता तुम्हांला वाचता येऊ लागले आहे. एस.टी.वरची पाटी, दुकानाची पावती, मोबाईलवर आलेला निरोप, सारे तुम्ही स्वतः वाचता. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. पण वाचता येऊ लागले की एक नवी अडचण उभी राहते. पूर्वी कोणी काही सांगितले, तर आपण सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होतो. आता छापलेले अक्षर दिसले की वाटते, हे खरेच असणार. तसे नसते. खोटेही छापता येते. म्हणून आज आपण एक काम शिकू. बायका धान्य सुपात घेऊन पाखडतात, तशी वाक्ये कशी पाखडावीत, ते पाहू.

वाक्यांचे दोन प्रकार

ही दोन वाक्ये वाचा.

‘ही विहीर ४० फूट खोल आहे.’
‘ह्या विहिरीचे पाणी फार चांगले.’

पहिले वाक्य ताडून पाहता येते. दोर सोडा, दोर मोजा. ४० फूट भरला, तर वाक्य खरे. ३५ भरला, तर वाक्य खोटे. तेथे भांडण उरत नाही. अशी ताडून पाहिलेली आणि खरी ठरलेली गोष्ट म्हणजे वस्तुस्थिती.

दुसरे वाक्य दोराने मोजता येत नाही. एकाला पाणी चांगले वाटेल, दुसऱ्याला मचूळ वाटेल. हे झाले मत. मत म्हणजे आपल्याला काय वाटते ते.

आणखी एक लक्षात ठेवा. ‘विहीर ४० फूट आहे’ असे कोणी ठासून सांगितले, पण मोजली कोणीच नाही, तर ती अजून वस्तुस्थिती नव्हे. ती ऐकीव गोष्ट. ऐकीव गोष्ट खरीही निघेल, खोटीही निघेल. तिला दोर लावीपर्यंत हातचे राखूनच बोलावे.

माहीमचे गोड पाणी

आमच्या रात्रीच्या वर्गात हा पाठ चालू होता. तेव्हा मुलुंडच्या एका मावशींनी विचारले, “गुरुजी, माहीमला समुद्र गोड झाला होता. माझ्या भावानं सोता चाखलं. ते बी नुसतं मतच का?”

आम्ही म्हणालो, “मावशी, फार चांगले विचारलेत. चला, फळ्यावर पाखडून पाहू.”

आधी हकीकत सांगतो. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या किनाऱ्यावर आवई उठली की, समुद्राचे पाणी गोड झाले. पाहता पाहता हजारो माणसे किनाऱ्यावर जमली. लोक पाणी ओंजळीने प्याले. लहान मुलांना पाजले. बाटल्या भरून घरी नेल्या. पाण्यावर कचरा आणि प्लॅस्टिक तरंगत होते, तरी कोणी थांबेना. गुजरातच्या किनाऱ्यावरूनही तशीच बातमी आली. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने बजावले की, हे पाणी पिऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोकच म्हणू लागले की, पाणी पुन्हा खारट झाले.

आता फळ्यावर चार वाक्ये लिहिली.

१. पाणी रोजच्यापेक्षा कमी खारट लागले.
२. हा चमत्कार आहे.
३. हे पाणी पाजले तर आजारी माणूस बरा होईल.
४. हे पाणी पिण्याजोगे आहे.

पहिले वाक्य पुष्कळांनी जिभेने ताडून पाहिले. ते खरे धरायला हरकत नाही.

दुसरे वाक्य म्हणजे ज्याची त्याची श्रद्धा. श्रद्धेची आम्ही थट्टा करीत नाही. पण ती जिभेला कळलेली गोष्ट नव्हे. ती मनाने मागाहून जोडलेली गोष्ट आहे.

तिसरे वाक्य ताडून पाहता येण्याजोगे आहे. पण ते ताडून कोणी पाहिले? कोणीच नाही. म्हणजे ते नुसते ऐकीव.

चौथे वाक्य सर्वांत घातक. जीभ सांगते ती चव. पाण्यातले रोगाचे जंतू जिभेला कळत नाहीत आणि डोळ्यांनाही दिसत नाहीत. ते पाहायला प्रयोगशाळा लागते. माहीमच्या खाडीला मिठी नदी मिळते. ही नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यावर चालते. वाटेत साकीनाका, कुर्ला, धारावी अशा वस्त्यांची आणि कारखान्यांची घाण तिच्यात मिसळते. असे पाणी साखरेसारखे गोड लागले, तरी त्याने जुलाब, कावीळ, पटकी असे रोग होऊ शकतात. गोड म्हणजे शुद्ध नव्हे.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे माझा भाऊ खोटं नव्हता बोलला.”

आम्ही म्हणालो, “नाही मावशी. तुमच्या भावाची जीभ खरेच बोलली. जिभेला जेवढे कळते, तेवढेच ती बोलली. चूक झाली ती पुढची. एका खऱ्या गोष्टीच्या पाठीवर तीन न तपासलेल्या गोष्टी बसल्या, आणि सगळ्या खऱ्या म्हणून गावभर हिंडल्या.”

जाणकारांचे मत

पाणी कमी खारट का झाले? महानगरपालिकेला वाटले की, पावसात मिठी नदीचे पुष्कळ गोडे पाणी खाडीत आले असावे. पवईच्या आयआयटीतील भूगर्भशास्त्राच्या जाणकारांनी दुसरे कारण सांगितले. किनाऱ्याजवळच्या भेगाळलेल्या खडकांत पावसाचे पाणी साठले, ते एकदम समुद्रात आले आणि खाऱ्या पाण्यावर पसरले.

गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते. ह्याचा पडताळा घरीच घ्या. एका पेल्यात साधे पाणी घेऊन त्यात ताजे अंडे सोडा. ते बुडते. दुसऱ्या पेल्यात भरपूर मीठ विरघळवून त्यात तेच अंडे सोडा. ते तरंगते. म्हणजे खारे पाणी जड. गोडे पाणी त्याच्यावर काही वेळ राहते, मग दोन्ही मिसळतात आणि चव पुन्हा खारट होते.

पाहा, जाणकारांचीही मते दोन झाली. पण दोघांनीही आपल्या मताचे कारण सांगितले, आणि ते कारण तपासता येते. ‘मला वाटते’ एवढेच म्हणणारे मत वेगळे आणि ‘मला अमुक कारणाने वाटते’ म्हणणारे मत वेगळे.

अफवेने जीव जातो

आता दुसरी हकीकत. ही ऐकताना मन कष्टी होते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांत अतोनात पाऊस झाला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे सपाट जमिनीवर पडलेले पाणी जिथल्या तिथे राहिले असते, तर कमरेएवढे भरले असते. त्याच वेळी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. शहर एकच, पण आकडे असे निराळे. ‘मुंबईत सगळीकडे सारखाच पाऊस झाला’ असे कोणी म्हटले असते, तर पर्जन्यमापकाने ते खोटे पाडले असते. मोजण्याचा उपयोग हा असा.

दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, आवई उठली. कोणी म्हणाले, धरण फुटले. कोणी म्हणाले, त्सुनामी आली. आधीच्या डिसेंबरात, म्हणजे २००४ साली, त्सुनामीने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हाहाकार केला होता. ती आठवण ताजी होती. पुराने माणसे आधीच घाबरलेली होती. जुहू भागातल्या नेहरूनगर वस्तीत लोक अंधारात धावत सुटले. अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली. दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती.

धरण फुटले नव्हते. त्सुनामीही आली नव्हती. पाण्याने त्या रात्री त्यांचा जीव घेतला नाही. एका वाक्याने घेतला.

त्या लोकांना आम्ही नावे ठेवीत नाही. तशा रात्री आम्हीही धावलो असतो. म्हणूनच ही सवय संकट येण्याआधी, घरात बसल्या बसल्या लावून घ्यावी.

तीन प्रश्न

कोणतीही बातमी आली की तीन प्रश्न विचारा.

पहिला : हे स्वतः कोणी पाहिले?
दुसरा : हे ताडून पाहायचे कसे?
तिसरा : हे मी मानले तर कोणाचा फायदा, कोणाचा तोटा?

समजा, एक दलाल तुमच्याकडे आला. म्हणाला, “दादा, ही जमीन दोन एकर आहे, सोन्यासारखी आहे, पाच वर्षांत भाव दुप्पट होणार.” एका दमात तीन वाक्ये झाली. ‘दोन एकर’ हे सातबारा पाहून आणि मोजणी करून ताडता येते. ‘सोन्यासारखी’ हे त्याचे मत. ‘दुप्पट होणार’ हे तर अजून घडलेलेच नाही. म्हणून सहीसाठी पेन उचलण्याआधी पहिले वाक्य ताडून पाहा आणि उरलेली दोन बाजूला ठेवा.

मोबाईलवरच्या निरोपालाही हेच लागू. ‘ताबडतोब दहा जणांना पाठवा’ असे लिहिलेले दिसले, तर आधी स्वतः थांबा. मात्र पुराची किंवा आगीची सूचना आली, तर धोका पत्करू नका. मुलांना जवळ घ्या, न धावता सुरक्षित जागी जा, आणि मग चौकशी करा.

मत वाईट नव्हे

शेवटी एक सांगतो. मत असणे वाईट नाही. निवडणुकीत आपण देतो त्यालाही मतच म्हणतात. पण घर जसे जोत्यावर उभे राहते, तसे मत वस्तुस्थितीवर उभे असावे. जोते नसलेले घर पहिल्या पावसात बसते.

अभ्यास

१. पुढील वाक्यांतील वस्तुस्थिती, मत व ऐकीव गोष्ट ओळखा.
(अ) आमच्या शाळेच्या हजेरीपटावर ६० मुले आहेत.
(आ) पूर्वीचे दिवस बरे होते.
(इ) म्हणे, उद्या रॉकेल मिळणार नाही.
२. माहीमच्या पाण्याबद्दल जिभेला काय कळले? काय कळले नाही?
३. ह्या आठवड्यात ऐकलेली एक बातमी वहीत लिहा. तिला वरचे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे घरच्यांना वाचून दाखवा.