युद्धनौकेवरील शेजारधर्म

फणसवाडीतील आमच्या चाळीत सकाळी साडेसहाला आजीचा जुना रेडिओ लागतो आणि पावणेसातच्या सुमारास पलीकडच्या खोलीत चटणीसाठी मिक्सर सुरू होतो. मिक्सर फिरू लागला की भक्तिगीतात करकर मिसळते आणि तो थांबला की गाणे पुन्हा स्वच्छ ऐकू येते. आजी दर वेळी म्हणते, "रेडिओ बिघडला वाटतं." लहानपणी माझीही तशीच समजूत होती. एकदा माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, हसून म्हणाले, "अगं, रेडिओ बिघडलेला नाही आणि मिक्सरही नाही. दोघेही ठणठणीत आहेत. ते शेजारी आहेत, एवढंच."

अण्णांचे उभे आयुष्य या एकाच प्रश्नात गेले. ते विद्युत अभियंता. युद्धनौकांवरील असंख्य उपकरणे एकमेकांना उपद्रव न देता चालावीत, हे पाहण्याचे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयावर लिहावे, हे काही वाचकांना धाडसाचे वाटेल. परंतु या विषयात गणितापेक्षा समजूतदारपणाचा भाग मोठा आहे, असे मला त्यांच्याशी बोलताना जाणवले. म्हणून हा प्रयत्न. गुप्त असे अण्णांनी काही सांगितले नाही आणि मीही ते विचारले नाही.

व्यत्यय म्हणजे काय?

तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह बदलला की भोवतालचे चुंबकीय क्षेत्रही बदलते, आणि बदलत्या क्षेत्रामुळे जवळच्या दुसऱ्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो. हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. पुढे १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झ यांनी विजेच्या ठिणगीतून निघालेल्या लहरी काही अंतरावर पकडून दाखवल्या. मिक्सरच्या मोटारीत ब्रशपाशी सतत बारीक ठिणग्या उडतात. म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी रोज सकाळी नकळत हर्ट्झचाच प्रयोग करीत असतात!

एका उपकरणाच्या अशा नको असलेल्या विद्युत परिणामामुळे दुसऱ्याच्या कामात अडथळा येणे, याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात : उपद्रवाचा उगम, तो पोहोचण्याची वाट आणि तो सोसणारे उपकरण. वाट हवेतून असेल किंवा तारेतून. या तिघांपैकी एक जरी काढून घेतली तरी व्यत्यय नाहीसा होतो. अण्णांच्या सगळ्या विद्येचे सूत्र एवढेच.

जहाजावरच हा प्रश्न बिकट का?

जमिनीवर रडार एका टेकडीवर आणि रेडिओचे ग्राहक केंद्र दुसऱ्या टेकडीवर ठेवता येते. युद्धनौकेवर ती सोय नाही. सव्वाशे मीटर लांबीच्या पोलादी घरात जनित्रे, मोटारी, पंप, संगणक, सोनार, तोफांची नियंत्रणयंत्रे आणि दूरध्वनी दाटीवाटीने नांदतात. वर एक-दोन डोलकाठ्यांवर आकाश पाहणारे रडार, समुद्र पाहणारे रडार, रेडिओच्या तारा आणि उपग्रहाशी बोलणारी तबकडी असते. रडारचा एकेक स्पंद शेकडो किलोवॅटचा असू शकतो. त्याच्याच शेजारी बसलेले ग्राहक यंत्र मात्र वॅटच्या अब्जांशाहूनही कितीतरी क्षीण संकेत ऐकण्यासाठी कान टवकारून असते. ढोल-ताशांच्या पथकात उभे राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखाच हा प्रकार.

'शेफील्ड'चा धडा

४ मे १९८२ रोजी, फॉकलंडच्या युद्धात, ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड' हिच्यावर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. वीस माणसे मरण पावली आणि १० मे रोजी नौका बुडाली. शत्रूच्या विमानाचे रडार आपल्याकडे वळले की इशारा देणारे उपकरण तिच्यावर होते. परंतु त्या वेळी नौका उपग्रहामार्फत संदेश पाठवीत होती आणि त्या प्रक्षेपणामुळे हे उपकरण बहिरे झाले होते. जवळच असलेल्या 'ग्लासगो' नौकेला विमानांची चाहूल लागली आणि तिने इशाराही दिला. तो मिळूनही 'शेफील्ड'वर वेळीच हालचाल झाली नाही. चौकशीत माणसांच्या चुकाही नोंदल्या गेल्या, म्हणून सारा दोष लहरींच्या माथी मारणे योग्य नव्हे. तरीही एवढे खरे की, दोन निर्दोष उपकरणे एकाच वेळी चालू शकत नव्हती आणि नेमक्या त्याच घटकेला दोन्हींची गरज होती.

आपली 'गोदावरी'

हाच प्रश्न आपल्या मुंबईतही होता. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'नीलगिरी' १९७२ साली नौदलात दाखल झाली. तिचा आराखडा ब्रिटिश होता. त्यानंतर तेथेच बांधलेली 'गोदावरी' १० डिसेंबर १९८३ रोजी दाखल झाली. त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे नाव मिरवणाऱ्या या फ्रिगेटचा आराखडा भारतीयांनी केला. तिच्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रे होती, युरोपीय धाटणीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे होती आणि आपल्याकडची यंत्रेही होती. ब्रिटिश युद्धनौकांवर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झचा वीजपुरवठा असे, तर सोव्हिएत नौकांवर ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या अभियंत्यांनी एकमेकांना न विचारता घडवलेली यंत्रे एका छपराखाली आणायची होती. हा संसार २३ डिसेंबर २०१५ रोजी ती मुंबईत निवृत्त होईपर्यंत, बत्तीस वर्षे चालला. अण्णा म्हणतात, "उपकरण विकत घेता येतं. त्याचा शेजाऱ्याशी समेट आपणच घडवावा लागतो."

उपाय कोणते?

पहिला उपाय अंतराचा. वीजपुरवठ्याच्या जाड तारा आणि संकेतांच्या नाजूक तारा वेगळ्या मार्गाने न्यायच्या; एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडायचे. दुसरा उपाय पडद्याचा. उपकरण धातूच्या पेटीत बंद करायचे आणि तारेवर धातूची जाळी चढवायची. ही जाळी पेटीत शिरताना सर्व बाजूंनी पेटीला जोडली पाहिजे. तिची लांब शेपटी सोडली तर ती शेपटीच एरियलचे काम करू लागते. तिसरा उपाय गाळणीचा : हवी ती वारंवारता आत घ्यायची, बाकीच्या बाहेर ठेवायच्या. चौथा वेळापत्रकाचा : रडारचा स्पंद सुटतो त्या क्षणापुरते शेजारचे ग्राहक यंत्र बंद ठेवायचे. मात्र या उपायाची किंमत आहे. कान झाकलेला क्षण हा बहिरेपणाचाच क्षण असतो.

हे सारे केल्यावर नौका बंदरात असतानाच परीक्षा घेतात. एका मोठ्या तक्त्यात आडव्या ओळींत उपद्रव देऊ शकणारी उपकरणे आणि उभ्या रकान्यांत तो सोसणारी उपकरणे मांडतात. मग एकेक जोडी चालू करून पाहतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्यातला एक चौकोन रिकामा राहिला तर तो समुद्रावर भरून निघतो, असे अण्णा सांगतात.

गंजाचा आवाज

त्यांची एक आठवण सांगते. एका जहाजावर दोन प्रेषक एकाच वेळी चालू झाले की तिसऱ्याच वारंवारतेवर गोंगाट ऐकू येई. सगळी यंत्रे तपासली, सगळी उत्तम निघाली. दोन दिवसांनी दोष सापडला तो कठड्याच्या एका गंजलेल्या सांध्यात! गंजाचा पातळ थर प्रवाहाला दोन्ही दिशांनी सारखी वाट देत नाही, त्यामुळे त्या सांध्यात दोन लहरी मिसळून नव्या लहरी जन्मतात. समजा, एक लहर ४ मेगाहर्ट्झची आणि दुसरी ६ ची असेल, तर २, ८ आणि १० मेगाहर्ट्झच्या लहरीही उमटू शकतात. सांधा घासून स्वच्छ केला, तांब्याच्या पट्टीने पक्का जोडला आणि गोंगाट थांबला. खाऱ्या हवेत हा शत्रू रोज नव्याने जन्म घेतो. म्हणूनच हे काम आराखड्याबरोबर संपत नाही. पॉलिश-कागद घेऊन डेकवर फिरणारा खलाशीही त्यात तितकाच भागीदार असतो.

मी एकदा अण्णांना विचारले, "एवढी वर्षं तुम्ही केलंत तरी काय, हे दाखवायला तुमच्याकडे काही आहे का?" ते म्हणाले, "नाही गं. आमचं काम नीट झालं की काहीच घडत नाही." त्या वेळी मला हे उत्तर उदास वाटले होते. 'शेफील्ड'ची हकिगत वाचल्यावर मात्र त्या 'काहीच घडत नाही'चे मोल कळले.

गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या नाटकाच्या तालमीला ध्वनिक्षेपकातून सारखी घूं-घूं येत होती, हे अनेकांना आठवत असेल. माइक बदलून पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी पाहिले तर माइकची तार दिव्यांच्या तारेबरोबर एकाच दोरीने बांधलेली होती. दोन्ही सोडवल्या, हातभर अंतरावरून वेगळ्या नेल्या आणि जिथे ओलांडायच्या तिथे काटकोनात ओलांडल्या. घुमणे बंद झाले आणि तालीम पुढे सुरू झाली. घरी येऊन अण्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "कुणाच्या लक्षात आलं का?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "मग उत्तम झालं."

(तृतीय वर्ष कला)