वर्षाच्या शेवटी उरलेल्या मालाला कोणता भाव लावायचा?



व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून तोच हिशोब इथे सावकाश मांडू या. वही-पेन घेऊनच बसा. आकडे सोपे जावेत म्हणून घेतलेत, त्यांना बाजारभाव समजू नका.

समजा, तुमचं सुक्या मिरचीचं आणि मसाल्याच्या सामानाचं दुकान आहे. एप्रिलमध्ये तुम्ही १०० किलो ब्याडगी मिरची २४० रुपये किलोने घेतली. ऑगस्टमध्ये आणखी १०० किलो, भाव २७०. नोव्हेंबरमध्ये नवा माल यायच्या आधी पुन्हा १०० किलो, आता भाव ३३०. एकूण खरेदी ८४,००० रुपये. वर्षभरात २०० किलो मिरची ४०० रुपये किलोने विकली, म्हणजे विक्री ८०,०००. ३१ मार्चला गोदामात १०० किलो शिल्लक.

या शंभर किलोची किंमत किती लिहायची? नफा या एका आकड्यावर ठरतो. सुरुवातीच्या साठ्यात वर्षाची खरेदी मिळवायची आणि शेवटचा साठा वजा करायचा, की विकलेल्या मालाचा खर्च निघतो. साठ्याची किंमत जास्त धरली की खर्च कमी दिसतो आणि नफा फुगतो.

पहिली पद्धत फिफो, म्हणजे फर्स्ट इन फर्स्ट आउट. आधी आलेला माल आधी विकला असं धरायचं. मग विकलेले २०० किलो एप्रिल आणि ऑगस्टचे, खर्च ५१,०००, ढोबळ नफा २९,०००. शिल्लक साठा नोव्हेंबरचा, ३३,०००.

दुसरी पद्धत वेटेड ॲव्हरेज, म्हणजे भारित सरासरी. ८४,००० भागिले ३०० किलो, सरासरी २८० रुपये. विकलेल्या मालाचा खर्च ५६,०००, ढोबळ नफा २४,०००, साठा २८,०००. (सॉफ्टवेअर प्रत्येक खरेदीनंतर नवी सरासरी काढत असेल तर तुमचा आकडा थोडा वेगळा येईल. गोंधळून जाऊ नका.)

मिरचीचं एक देठसुद्धा इकडचं तिकडे झालेलं नाही, आणि नफ्यात ५,००० रुपयांचा फरक पडला!

आता गल्ला बघा. सगळे व्यवहार रोखीचे धरले तर ८०,००० आले, ८४,००० गेले. हातात उणे ४,०००. दोन्ही पद्धतींत उणे ४,०००च. फिफोने २९,००० नफा दाखवला म्हणून घरखर्चाला २९,००० काढायला गेलात तर पुढचं पोतं उधारीवर आणावं लागेल, कारण तुमचा नफा गोदामात पोत्यांत बसलाय. भाव चढत असताना फिफोचा नफा छान दिसतो, पण त्यातला बराच भाग पुढच्या महागड्या खरेदीत जाणार असतो. नव्या उद्योजकाने हे सगळ्यात आधी समजून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

आणि हा ५,००० चा फरक कायमचाही नसतो. यंदाचा शेवटचा साठा हाच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा. फिफोवाल्याचं पुढचं वर्ष ३३,००० च्या ओझ्याने सुरू होईल, सरासरीवाल्याचं २८,००० च्या. यंदा जास्त दिसलेला नफा ती मिरची विकल्यावर तेवढाच कमी दिसणार. म्हणून 'कोणत्या पद्धतीत टॅक्स वाचतो?' या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच, की भाव चढते असतील तर सरासरीत थोडा टॅक्स पुढे ढकलला जातो, माफ होत नाही. आणि तुम्ही आयकराच्या अनुमानित योजनेत, म्हणजे १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४४एडीसारख्या तरतुदीत असाल, तर टॅक्स उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर निघतो. तिथे साठ्याच्या पद्धतीने टॅक्स बदलतच नाही. पण धंदा कमावतोय की नाही हे कळायला साठा मोजावाच लागतो.

लिफोचं काय? लास्ट इन फर्स्ट आउट, शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणारी पद्धत. इंग्रजी व्हिडिओंत ती हमखास भेटते, कारण अमेरिकेत चालते. आपल्याकडे लेखा मानक २ मध्ये ती बसत नाही, आयकराच्या आयसीडीएस २ मध्येही नाही. टॅलीच्या यादीत पर्याय दिसतो म्हणून निवडू नका.

भाव पडला तर?

इथे खरी गंमत आहे. नियम असा, की साठा खरेदीच्या किमतीला किंवा निव्वळ वसुली किमतीला लिहायचा, यातली जी कमी असेल ती. निव्वळ वसुली किंमत म्हणजे माल विकून येणारे पैसे वजा विकण्याचा खर्च.

समजा, मार्चमध्ये नव्या मिरचीची आवक वाढली आणि तुमची जुनी मिरची आता ३०० रुपयांनाच जाईल, त्यातही पॅकिंग-पोचवणीचे १० रुपये. वसुली २९०. फिफोत साठा ३३० ने धरला होता, तो २९० वर आणावा लागेल. ४,००० चा फटका याच वर्षी, नफा २५,०००. सरासरीचा साठा २८० ने आहे, म्हणजे २९० पेक्षा कमीच, तो तसाच राहील, नफा २४,०००. पाच हजारांचा फरक एका हजारावर आला.

तीच मिरची तुम्ही विकत नसून कांदा-लसूण मसाला करायला ठेवली असेल तर मात्र वेगळं. तयार मसाला त्याच्या एकूण खर्चाइतक्या किंवा जास्त किमतीला विकला जाणार असेल, तर कच्च्या मिरचीचा बाजारभाव पडला तरी साठ्याची किंमत कमी करायची नाही. मसाल्यातच नुकसान होणार असेल तर करायची. घरगुती मसाला, पापड, लोणची करणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवा.

खरेदीच्या किमतीत पावतीवरच्या भावाबरोबर माल तुमच्या दारात येईपर्यंतचं भाडं आणि हमालीही धरा. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो कर धरू नका. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, म्हणून धरा. दुकानाची जाहिरात, ग्राहकाकडे पोचवण्याचा खर्च यात येत नाही.

मग निवडायचं कसं?

मालाकडे बघा. मिरची, धान्य, खिळे, सुटं तेल असा एकमेकांत मिसळणारा माल असेल तर भारित सरासरी घ्या. एका पिंपात ओतलेल्या तेलातलं कोणतं तेल एप्रिलचं हे कुणी सांगू शकत नाही. औषधं, बेकरीचा माल, बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेल्या वस्तू असतील तर फिफो जास्त जवळचं. आणि पैठणी, दागिने, ऑर्डरचं फर्निचर असेल तर दोन्ही सोडा, प्रत्येक नगावर त्याची स्वतःची खरेदी किंमत लिहा. ८,००० ची आणि ४०,००० ची पैठणी यांची सरासरी काढून काय कळणार?

एक गैरसमज नेहमी होतो. वहीत सरासरी लावली म्हणजे दुकानातही कोणताही माल आधी विकावा, असं नाही. मांडणीवर जुना माल पुढे, नवा मागे, हे कायम. वहीतली पद्धत फक्त किंमत ठरवते.

तसंच विक्रीचा भाव साठ्याच्या किमतीवरून ठरवू नका. वहीत मिरची २८० ची असली आणि आज बाजारात ३३० ला मिळत असली, तर ३३० डोळ्यासमोर ठेवूनच भाव बोला.

एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी बदलता येत नाही, योग्य कारण आणि त्याची नोंद लागते. कॅश क्रेडिट घेतलंत तर बँक सहसा दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागते आणि त्यावरून किती रक्कम उचलता येईल ते ठरवते. बँकेला फिफोचे ३३,००० आणि ताळेबंदात सरासरीचे २८,००० असे दोन आकडे गेले, की प्रश्न येणारच.

आज टॅली उघडा, तुमच्या सगळ्यात जास्त खपाच्या वस्तूचं पान काढा आणि कॉस्टिंग मेथड काय आहे ते बघा. तुम्ही काही बदललं नसेल तर तिथे सरासरीच असेल. मग सीएंना फोन करून विचारा: गेल्या वर्षीचा शेवटचा साठा तुम्ही कोणत्या पद्धतीने धरला होता?