ऊसतोड कामगारांच्या हातांवरील भेगा : कारणे व उपचार

दिवाळी आटोपली की बारामती व इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवर टायरबैलगाड्या व ट्रॅक्टर यांची वर्दळ सुरू होते. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या कोप्या उभारून राहू लागतात. सुमारे १८८५ मध्ये नीरा डावा कालवा आला आणि या अवर्षणप्रवण पट्ट्याचे रूप पालटले. आज कालव्याच्या दोन्ही अंगांस दिसणारा ऊस मात्र शेवटी माणसाच्या हातांनीच तोडला जातो. तोडणी यंत्रे आली असली तरी लहान शेते, अरुंद वाटा आणि ओली जमीन यांमुळे कोयत्याचे काम संपलेले नाही.

या हातांविषयी फारसे लिहिले जात नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तोडकऱ्यांची बोटे पेरांवर, अंगठ्याच्या कडेला व तळव्याच्या रेषांवर उलतात. भेग अर्ध्या बोटाएवढीही नसते. परंतु कोयत्याची मूठ आवळताना, मोळी बांधताना अथवा भाकरी थापताना ती प्रत्येक वेळी नव्याने उघडते. खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याचे ओझेही वाढते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. भेगेवरील उपचार सांगताना ‘आठ दिवस हाताला विश्रांती द्या’ असा सल्ला देणे व्यर्थ आहे. काम चालू असतानाच करता येईल तोच उपचार येथे उपयोगाचा.

तळव्याची त्वचा शरीराच्या इतर त्वचेहून निराळी असते. तिचा बाहेरचा थर जाड असतो, घामाच्या ग्रंथी विपुल असतात, पण तेलकट स्राव देणाऱ्या ग्रंथी तेथे मुळीच नसतात. त्यामुळे कोरड्या हवेत या थरातील ओलावा झपाट्याने उडून जातो. सतत घासले गेल्याने घट्टे पडतात. घट्ट्याची कातडी वाळून ताठ झाली की बोट वाकताना ती ताणली जात नाही, फाटते. चीर वरच्या मृत थरापुरती असेपर्यंत दुखत नाही. खालच्या जिवंत थरापर्यंत गेली की रक्त येते आणि आग होते.

ऊसतोडीत या सर्व कारणांचा मेळच जमतो. पहाटे पाल्यावर दव असते, हात भिजतात; ऊन चढले की तेच हात वाऱ्याने वाळतात. उसाच्या पानाची कड बारीक करवतीसारखी असते, पाचटावरची कूस त्वचेत रुतते. जळिताचा ऊस असेल तर काजळी आणि रसाचा चिकटा यांचा थर बसतो, आणि तो काढण्यासाठी कपडे धुण्याच्या साबणाने वा मातीने हात खसखसून घासले जातात. स्त्रियांच्या वाट्याला त्यावर राखेने भांडी घासणे व गार पाण्यात धुणे येते. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी असे या धंद्यात मोजतात; परंतु भेगांचा हिशेब केला तर स्त्रीचा हात अधिक वेळ पाण्यात असतो, हे ध्यानात ठेवावे.

उपचाराची खरी वेळ रात्रीची होय. जेवण झाल्यावर हात सौम्य साबणाने धुऊन पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवावेत. पाणी कढत नको. कढत पाणी त्वचेतील उरलासुरला स्निग्धांश काढून नेते. नंतर स्वच्छ फडक्याने टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच व्हॅसलिन अथवा तत्सम मलम जाडसर चोपडावे, म्हणजे आतला ओलावा आतच राहतो. वर सुती हातमोजे किंवा जुन्या धोतराची स्वच्छ पट्टी बांधून झोपावे. भेगेच्या दोन्ही कडांवरील कठीण कातडी भिजल्यावर मऊ होते. ती खरकागदाने हलकेच घासून सपाट करावी. कोयत्याने किंवा ब्लेडने ती कापू नये. कडा उंच राहिल्या तर चीर पुन्हा त्याच जागी फाटते. औषधाच्या दुकानात मिळणारे युरियायुक्त मलमही घट्टे मऊ करते, मात्र उघड्या भेगेवर ते झोंबते. (शेतात टाकावयाचा युरिया कोणी हाताला चोळू नये, हे सांगण्याची पाळी येऊ नये!)

व्हॅसलिनचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात तेलविहिरींवरचे मजूर यंत्राच्या दांड्यांवर साचणारा मेणचट पदार्थ कापल्या-भाजल्यावर लावीत. रॉबर्ट चीझब्रो यांनी तो पाहून शुद्ध केला आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे कोकणात हेच काम कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल, पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे. ते थंडीत घट्ट गोळ्याच्या रूपात राहते आणि थोड्या उष्णतेने वितळते. वितळवून कोमट झाल्यावर भेगेत भरावे. चटका बसेल इतके गरम सोडण्याची रीत काही घरांत आहे, ती टाळावी. बिब्ब्याचे तेल मात्र भेगेवर कदापि लावू नये. त्याने त्वचा भाजते, फोड येतात. चुना, तंबाखू, रॉकेल व गोठ्यातील माती यांचीही तीच कथा.

दिवसा कामावर जाताना भेग मिटवून धरणे हाच उपाय. सह्याद्रीच्या कातळकड्यांवर प्रस्तरारोहण करणाऱ्यांच्या बोटांना अशाच चिरा पडतात आणि ते बोटांभोवती कापडी चिकटपट्टी गुंडाळून चढाई पुरी करतात. ती युक्ती तोडकऱ्यांनी घेण्यासारखी आहे. भेग स्वच्छ व कोरडी करून तिच्यावर निर्जंतुक कापसी जाळीचा लहान तुकडा ठेवावा, बोट किंचित वाकवून पट्टी दोन वेढे गुंडाळावी. बोटाचे टोक पांढरे वा निळे पडले तर पट्टी घट्ट झाली असे समजावे. मलम लावलेल्या त्वचेवर पट्टी चिकटत नाही, म्हणून मलम रात्री व पट्टी सकाळी हा क्रम सोडू नये. झटपट चिकटणारा डिंक काही कारागीर भेगेत घालतात. मळलेल्या वा रक्त येणाऱ्या भेगेत तो घातल्यास घाण आतच कोंडली जाते. हातमोज्यांनी कोयत्याची मूठ निसटते अशी तक्रार असते, ती खरीही आहे. परंतु मोळ्या उचलताना व गाडी भरताना मूठ नसते. तेव्हा तरी ते घालावेत.

भेगेचे दुखणे कधी साधे राहत नाही. बोट लाल, गरम व सुजलेले होणे, पू येणे, लाल रेघ मनगटाकडे चढणे, काखेत अवधाण येणे, ताप भरणे किंवा बोट सरळ न होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेह्याने तर वाट पाहूच नये. भेगांबरोबर खूप खाज व पुरळ असेल तर गाजरगवताचा संशय घ्यावा. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आता बांधाबांधावर आहे. आणि खोल भेग पडूनही दुखत नसेल, भाजले तरी कळत नसेल, तर ती सुदैवाची गोष्ट नव्हे. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्याची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि वेळीच घेतल्यास बोटे वाचतात.

धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात, आणि टोळीच्या तळावर बैल व माणसे शेजारीच राहतात. स्त्रियांना गरोदरपणी धनुर्वातप्रतिबंधक टीडी लस दिली जाते. पुरुषांपैकी अनेकांनी मात्र बालपणानंतर ती घेतलेली नसते. मळलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या मात्रेस पाच वर्षे उलटली असतील तर लस पुन्हा घ्यावी लागते. म्हणून गावाच्या हद्दीत तळ पडताच ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्ती व आरोग्य सेवक यांना तेथे एकदा सायंकाळी न्यावे. दिवसा कोपीत कोणी सापडत नाही. तळावरील मुले शाळेत येत असतील तर शिक्षकांनी निरोप त्यांच्याकरवी पाठवावा, आणि लस घेतल्याची तारीख लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा. पट्टा पडल्यावर टोळी गावी परतते तेव्हा तेथील आरोग्य केंद्रास तोच दाखविता येतो.